सोम-बुध-शुक्र, मंगळ-गुरू-शनी

४ मार्च, सोमवार

समितीची तिसरी बैठक झाली. काम नेहमीप्रमाणे मी केलं आणि चहा बाकीच्यांनी प्यायला.

काय ठरलं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणून हात झटकायला नको. या परमुलुखातल्या गोदीत आपल्या देशाची जहाजं दुरुस्तीला लागली आहेत आणि बंदराच्या टोकाला आपल्या सैनिकांची तुकडी राखणीला आहे. ही पोरं घरापासून इतक्या लांब आलेली. सुट्टीच्या दिवशी गोदीच्या भिंतीवर पाय हलवत बसतात. वारा सुटला की दुकानांच्या पायऱ्यांवर येतात आणि दुकानदार त्यांना गिऱ्हाईक येत नाही म्हणून उठवतात. आम्ही इथं वडिलांच्या नोकरीपायी आलो आणि इथलेच झालो. आपल्या माणसांना कुणी पायरीवरून उठवलेलं मला बघवत नाही. म्हणून हा क्लब. सैनिक आणि खलाशी, दोघांना मिळून एक.

जागा आहे. वखारवाल्यांचा जुना हॉल. ते लाकडाचे मोठे व्यापारी होते, आता घरी बसून जावयाचं ऐकतात. हॉलची लाकडी जमीन त्यांनी स्वतः निवडलेल्या फळ्यांची आहे. "वखारीतलं शेवटचं चांगलं लाकूड आहे ते, ताई," असं त्यांनी मला आज दोनदा सांगितलं. महिनाभर हॉल वापरून बघा म्हणाले. सैनिक आणि खलाशी एका छपराखाली गुण्यागोविंदानं राहिले तर हॉल क्लबचा. नाही तर जावयाला तिथं फ्रिजचं गोदाम करायचंच आहे. जावई शेजारी बसून मोबाइलवर टिचक्या मारत होता. त्याला महिना कधी संपतो याची घाई.

६ मार्च, बुधवार

नावावरून भांडण. सुभेदार सैनिकांच्या वतीनं समितीवर आहेत, सारंग खलाशांच्या वतीनं. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दोघंही पन्नाशीचे, दोघांच्याही मिशा समितीपेक्षा मोठ्या. पण भांडले हे दोघं नाहीत, वखारवाले आणि जावई भांडले. 'सैनिक-खलाशी क्लब' की 'खलाशी-सैनिक क्लब'? सासरा एक म्हणाला म्हणून जावई दुसरं म्हणाला.

सुभेदार म्हणाले, "आम्हाला काहीही चालेल, बाईसाहेब."

सारंग म्हणाला, "पाटी नसली तरी चालेल, बाई. दार असलं म्हणजे झालं."

अशा माणसांमुळेच कामं अडतात. चालेल, चालेल म्हणायचं आणि मनात धरून ठेवायचं. मी तोडगा काढला. पाटीच्या दोन्ही बाजू रंगवायच्या. एकीकडे सैनिक आधी, दुसरीकडे खलाशी आधी. रोज उलटायची. सगळे गप्प झाले. पटलं असणार.

घरी येऊन वहिनीला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता इतकी हसली की देठं खाली पडली.

९ मार्च, शनिवार

पाटी उलटायची म्हणजे कोणत्या दिवशी कोण, हे आधी ठरायला हवं. त्यातूनच मला वेळापत्रक सुचलं. आज ते पूर्ण केलं. जाड कागद, निळी आणि लाल शाई, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या तशा दुहेरी रेघा. सोमवार, बुधवार, शुक्रवार सैनिक. मंगळवार, गुरुवार, शनिवार खलाशी. रविवारी बंद. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही.

सुभेदारांनी ते बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "उत्तम आहे, बाईसाहेब. फक्त एक शंका. मग आमची पोरं त्यांच्या पोरांना भेटणार कधी?"

"भेटायचंय कशाला? क्लब विश्रांतीसाठी असतो."

सारंग छताकडे बघत म्हणाला, "आमच्यातला एक आणि त्यांच्यातला एक एकाच गल्लीत वाढलेत, बाई. इथं आल्यावर गाठ पडली."

"मग एकानं दुसऱ्याला पत्र लिहावं," मी म्हणाले.

हे सगळं उगाच नाही. हिवाळ्यात आमच्या खिडकीखाली एका सैनिकानं आणि एका खलाशानं एकमेकांची कॉलर धरलेली मी स्वतः पाहिली आहे. वहिनीही तेव्हा खिडकीत होती. ती आजही म्हणते, "वन्सं, हसत होते हो ते. थट्टा चालली होती."

"हसत हसतच गळे धरतात माणसं."

"आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तुम्ही ह्याची लाइन त्याला जोडून दिलीत. आणि आता..."

"कोणती लाइन कोणत्या लाइनीला लागू द्यायची नाही, हेही तिथं मीच बघायचे," मी तिला सांगितलं. माझा भाऊ गेल्यापासून ही जरा जास्तच बोलायला लागली आहे. भाऊ होता तेव्हा तोच बोलायचा.

११ मार्च, सोमवार

क्लब सुरू झाला. आधी सैनिकांचा मान, कारण चिठ्ठी टाकली तेव्हा त्यांचं नाव निघालं. पोरं रांगेत आली आणि रांगेत बसली. पत्ते, कॅरम, घरी लिहायला टेबल, इस्त्रीची सोय, चहा. संध्याकाळी मी कुलूप लावायला गेले तर डोळ्यांवर विश्वास बसेना. पोरांनी डबाभर मेण आणून अख्खी जमीन पॉलिश केली होती. गुडघ्यावर बसून, फडक्यानं. खाली वाकले तर माझा चष्मा दिसला, चष्म्यातली मीही दिसले.

सुभेदार म्हणाले, "जागा सोडताना पुढच्या तुकडीसाठी चकचकीत करून सोडायची, ही आमची रीत आहे."

याला म्हणतात शिस्त. मी त्यांची पाठ थोपटली. म्हणजे तोंडानं.

१२ मार्च, मंगळवार

अंगाचा तिळपापड झाला आहे.

आज खलाशी होते. संध्याकाळी कुलपासाठी गेले तर दारातच पाय थबकला. जमीन पांढरीफटक. ओली. कालचं पॉलिश औषधालाही शिल्लक नाही. वाळू, पाणी आणि विटेएवढे दगड घेऊन त्यांनी ती दुपारभर घासली होती. सारंग विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून अनवाणी उभा आणि चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही बारसं केलंय.

"कुणीतरी काहीतरी तेलकट सांडलं होतं, बाई. पार खरवडून काढलं. आता बघा, लाकूड मोकळं झालं. आमच्यात पाळी संपली की डेक धुऊनच पुढच्यांच्या ताब्यात देतात."

मी एक शब्द बोलले नाही. इतकी वर्षं बोलून कमावलं, त्यामुळे कधी बोलायचं नाही हे मला कळतं. पण घरी आल्यावर वहिनीला म्हणाले, "बघितलंस? पहिल्याच दिवशी सैनिकांच्या कामावर पाणी ओतलं."

"त्यांना ठाऊक होतं का, पॉलिश सैनिकांनी केलंय ते?"

"त्याच्याशी काय संबंध?"

ती पोळ्या लाटायला गेली.

१३ मार्च, बुधवार

सैनिकांनी पुन्हा मेण लावलं. सुभेदार म्हणाले, "काल कसलं तरी पाणी सांडलं असावं. होतं असं. आम्ही करून घेतली जमीन." भोळा माणूस. मी त्यांना बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की पाणी सांडलं नव्हतं, तुमचं काम दगडांनी घासून काढलं गेलं होतं, मी स्वतः पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मिशीसुद्धा खाली आल्यासारखी वाटली.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच विचार करा," मी म्हणाले.

माणसाला वेळेवर सावध करणं हे माझं कर्तव्य होतं.

१४ मार्च, गुरुवार

पुन्हा दगड, पुन्हा वाळू. सारंगालाही सांगितलं की सैनिकांना तुमचं हे काम अजिबात आवडलेलं नाही. तो पायाच्या अंगठ्यानं फळी उकरत राहिला. "आम्ही धुतलेलं त्यांना घाण वाटतं, असं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही."

"बरं," तो म्हणाला.

नंतर मी सूचना लिहून दारावर लावली: 'जमिनीशी खोडसाळपणा करणाऱ्यांची गय केली जाणार नाही. सचिव.' अक्षर चांगलं आलं.

१९ मार्च, मंगळवार

जे होणार म्हणून मी पहिल्यापासून सांगत होते तेच झालं. दोन्हीकडची पोरं आता धुसफुसू लागली आहेत. सैनिक जाताना कॅरमच्या सोंगट्या कपाटात कोंबून किल्ली माझ्याकडे देतात. खलाशांनी आपले कप वेगळे आणले. इस्त्रीच्या वायरला कुणीतरी इतक्या गाठी मारल्या आहेत की त्या सोडवायला खलाशीच हवा, आणि मारल्याही त्यांनीच असणार. गोदीच्या भिंतीवर पूर्वी दोन्हीकडचे शेजारी शेजारी बसायचे. काल येताना पाहिलं, मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा मोकळी.

रोज मेण, रोज दगड. आता दारावर सहा सूचना आहेत. सातवी लिहायला घेतली.

वहिनी म्हणाली, "वन्सं, एकदा दोघांना समोरासमोर बसवा ना."

"मारामारी लावायचीय का मला?"

"आत्ता काय चाललंय मग?"

तिला उत्तर देत बसले असते, पण शाई वाळत होती.

२१ मार्च, गुरुवार

वखारवाले हॉल बघायला आले. बरोबर जावई. मी जाजम आडवं टाकून वेळ मारून नेणार होते, पण म्हातारा थेट खाली बसला आणि तळहात फळ्यांवरून फिरवू लागला. मेण अर्धवट निघालेलं, त्यात वाळू अडकलेली, वर पांढरे डाग. महारोग झाल्यासारखी दिसत होती जमीन. जावयानं त्यांना हात धरून उठवलं आणि मला म्हणाला, "मॅडम, ह्यांचं एकमेकांशी जमत नाही हे जमिनीलासुद्धा कळलंय. रविवारी येऊन सांगतो काय ते."

महिना अजून संपलेला नाही, हे मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "फ्रिज जमिनीवर खरकटं तरी करत नाहीत."

खरकटं! माझ्या पोरांना!

माझ्या म्हणजे क्लबच्या.

२२ मार्च, शुक्रवार

डाव्या हातानं लिहिते आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

संध्याकाळी सातवी सूचना लावायला गेले. 'सावकाश चाला, जमीन निसरडी आहे.' दारातून तीन पावलं गेले आणि मेणावरून सरळ व्यासपीठापर्यंत. पडल्यावर छताकडे बघत असताना सूचना तरंगत येऊन माझ्या छातीवर बसली.

सैनिकांनी उचलून दवाखान्यात नेलं. वाटेत दोन खलाशी दिसले, तेही टॅक्सीत घुसले. कुणाचा वार आहे हे मी त्यांना सांगत होते, पण कुणी ऐकेना. चौघं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते. "डोकं आपटलंय का?" "नाही रे, बोलतायत ना." ही काय भाषा झाली?

हे लिहायला फार वेळ लागतो. थांबते.

२३ मार्च, शनिवार

अपमानाचा दिवस.

डॉक्टरांनी पडून राहा म्हटलंय. दुपारी दाराची बेल वाजली. सुभेदार विचारपूस करायला आलेले. वहिनीनं त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, मला गुंगी आहे म्हणाली. मला अजिबात गुंगी नव्हती. पाठोपाठ पुन्हा बेल. सारंग. दोघं एकाच वेळी कसे आले कोण जाणे. सकाळी वहिनी शेजारच्या फोनवर बराच वेळ बोलत होती, तेवढ्या वेळात तिनं निदान एकाला तरी उद्या यायला सांगायचं होतं.

आधी बाहेर चिडीचूप. फक्त कप-बशा. मग सुभेदारांचा आवाज, "आमच्या मेणामुळे बाईसाहेब पडल्या. आम्ही तुमच्या लोकांसाठी चांगली जमीन ठेवावी म्हणून..."

सारंग म्हणाला, "आमच्यासाठी?"

"मग काय आमच्यासाठी? आम्ही तर निघून जातो."

कुणाची तरी बशी खाली टेकली. मग सारंगाचा आवाज आला, "अहो, आम्ही तुमच्यासाठीच घासत होतो. कुणीतरी तेल सांडून ठेवतं आणि तुमची पोरं घसरतील म्हणून."

आणि मग हसणं. आधी एकाचं, मग दुसऱ्याचं, मग वहिनीचंसुद्धा. खुर्चीचा पाय आपटल्याचा आवाज आला. घरात मनगट मोडलेली बाई झोपली आहे आणि बाहेर तीन माणसं गडाबडा लोळतायत. माझ्या पडण्यावरच हसत असणार, दुसरं काय असणार? मी भिंतीवर डाव्या हातानं ठोकलं. ते आणखी हसले.

वहिनी आत आली तेव्हा डोळे पुसत होती. "जमिनीबद्दल बोलत होते, वन्सं."

"मला ऐकू आलं."

"मग कळलं ना?"

"कळलं," मी म्हणाले. "दोघांनाही समितीची परवानगी न घेता पॉलिश आणि पाणी वापरायचा अधिकार नव्हता."

तिनं माझी उशी नीट केली. जरा जास्तच जोरात.

२४ मार्च, रविवार

वहिनीच्या खांद्याला धरून हॉलवर गेले. रविवार, क्लब बंद, फक्त समितीची बैठक. पण आत बघते तर सगळी पोरं हजर. सैनिकांचे हिरवे आणि खलाशांचे निळे कपडे, एकमेकांत मिसळलेले. रविवारी बंद असं ढळढळीत लाल शाईत लिहिलेलं असताना.

जावई खुर्चीवर पाय पसरून बसला होता. म्हातारा सासरा शेजारी, मान खाली. जावयानं सुरू केलं. जमीन खराब झाली, सचिवबाई पडल्या, रोजची धुसफूस सगळ्या गल्लीला माहीत आहे. "दोघांचं एकमेकांशी जमत नाही. वेगवेगळ्या दिवशी ठेवलं तरी जमत नाही. मग हॉल अडवून कशाला ठेवायचा?"

मी उठले. सांगणार होते की दोष दोघांचा आहे, समितीचा नाही. पण वखारवाल्यांनी हात वर केला. मला वाटतं, जावयासमोर त्यांनी हात वर केलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"मला एकच सांगा," ते सुभेदारांना आणि सारंगाला म्हणाले. "एका तरी गोष्टीवर तुमचं दोघांचं जमतं का? एक सांगा. हॉल तुमचा."

सुभेदार सारंगाकडे बघत होते. सारंग छताकडे बघत होता. मागे एका खलाशानं एका सैनिकाला कोपरानं ढोसलं. तेच दोघं असावेत, एका गल्लीतले. मला तर खिडकीखालचेही तेच वाटले, पण चष्मा धुरकट होता.

"एका गोष्टीवर जमतं," सुभेदार म्हणाले.

"कोणत्या?"

सुभेदारांनी घसा खाकरला. "बाईसाहेबांनी राग मानू नये."

"बोला हो," जावई म्हणाला.

"वेळापत्रक," सारंग म्हणाला. "ते नको. बाकी काही भांडण नाही."

मग मागून कुणीतरी "एकमतानं!" ओरडलं आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. हिरवे आणि निळे, सगळे. वहिनीही. मी बघितलं तिला.

माझ्या दुहेरी रेघा! माझी निळी शाई आणि लाल शाई! कुणाला जास्त नाही आणि कुणाला कमी नाही, इतका न्याय या माणसांना आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नसेल.

वखारवाले माझ्याकडे बघत होते. "ताई, तुमचं काय म्हणणं?"

माझं म्हणणं खूप होतं. इतकं, की फ्रिज येऊन लागले असते तरी संपलं नसतं. जावयाच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. त्या हसण्याकडे मी बघितलं. मग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे गेले आणि टाचण्या काढायला लागले. डाव्या हातानं टाचणी निघत नाही, नुसती वाकते. सुभेदार एका बाजूनं आले, सारंग दुसऱ्या बाजूनं. तिघांनी मिळून कागद उतरवला. मी तो घडी करून प्लास्टरच्या झोळीत घातला. फाडू दिला नाही.

"सचिवांचा विरोध नोंदवून घ्यावा," मी म्हणाले, "आणि सचिवांनी तो मागे घेतला, हेही."

म्हाताऱ्यानं किल्ली टेबलावर ठेवली. जावई मोबाइल कानाला लावून बाहेर गेला. फोन वाजलेला कुणी ऐकला नव्हता.

आभार, हार, भाषण काही नाही. मी खुर्चीवर बसून वाट बघत होते. पण सगळ्यांची डोकी खाली. जमिनीचं काय करायचं यावर लगेच सुरू झालं. सुभेदार म्हणत होते मेण, एकच थर, हलका. सारंग म्हणत होता दगड, लाकडाला पाणी लागतंच. वखारवाले दोघांना मूर्खात काढत होते आणि म्हणत होते, "अरे, तेल! नुसतं तेल!" तिघंही गुडघ्यावर, नाकं फळ्यांना टेकलेली. भोवती पोरं बाजू घेऊन ओरडत होती, आणि मला काही बाजू कळेनात, कारण निळ्यातले काही मेणाकडे आणि हिरव्यातले काही दगडाकडे. इतकं भांडण मी या हॉलमध्ये पंधरवड्यात ऐकलं नव्हतं. समोरासमोर बसवलं की असं होणार, हे मी सांगितलंच होतं.

"थांबायचं का, वन्सं?" वहिनीनं विचारलं. तिच्या हातात कुणीतरी पत्ते दिले होते.

"तू थांब," मी म्हणाले. "मला कुणी काही विचारत नाहीये."

एका पोरानं मला घरापर्यंत पोचवलं. हिरव्यातला की निळ्यातला, आठवत नाही. दारात विचारलं, "उद्या याल ना?"

"बघू," मी म्हणाले.

जायला तर हवंच. पाटी सकाळी कुणीतरी उलटायला हवी. पण उद्या वार कोणाचा, हे आता मला सांगता येत नाही.